शेजारचं विरजण

आयुष्यातली पहिली बिअर मी अमेरिकेतल्या कॅरी गावात प्यायले, शेजारच्या गॅरेजमध्ये, भर दुपारी, नवऱ्यासमोर. आणि पहिल्याच घोटाला यजमानांचा अपमान करून बसले.

यजमान म्हणजे आमचे शेजारी. जातिवंत इंग्रज. लँकशरमधल्या एका गिरणीगावात जन्मले, सूतगिरण्यांची यंत्रं बसवायला म्हणून तरुणपणी नॉर्थ कॅरोलिनात आले आणि इथलेच झाले. पुढे इथल्या गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. बायको वारली, मूलबाळ नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही त्यांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहायला आलो, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. आम्ही त्यांना पहिल्यापासून काकाच म्हणत आलो. त्याचा अर्थ सांगितल्यावर त्यांना इतका आनंद झाला की दाराशी आलेल्या पोस्टमनलाही त्यांनी तो ऐकवला.

नवरा रोज सकाळी गाडी घेऊन रिसर्च ट्रँगल पार्कला कामावर जायचा. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, आणि मला गाडीही येत नव्हती. कॅरीत गाडी येत नाही म्हणजे माणसाला पाय नाहीत. साताऱ्यात मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते, पोरं मला टरकून असायची. इथे मी दिवसभर घरात बसून मायक्रोवेव्हवर चिडायची. एक दिवस रागारागाने सगळे कपडे हाताने धुतले आणि मागच्या डेकच्या कठड्यावर वाळत घातले. कुंपणापलीकडून आवाज आला, "उन्हात कपडे वाळत घालणारं माणूस ह्या देशात किती वर्षांनी बघतोय मी! शनिवारी या दोघं. घरची बिअर आहे."

त्यांच्या गॅरेजात गाडी नव्हतीच. भिंतीला लागून सुतारकामाचं टेबल, आणि त्यावर पितळेचा पाया असलेला, लाकडी मुठीचा एक उंच दांडा बसवलेला. मागे जुना फ्रिज, त्याला कुशीत भोक पाडलेलं. त्या भोकातून नळी थेट आत आडव्या ठेवलेल्या लहानशा पिंपात गेलेली. काकांनी दांडा पुढे ओढला, अगदी आपल्याकडे हापशाचा ओढतात तसा, पण सावकाश. ग्लासात तांबूस, नितळ बिअर आली, वर बोटभर फेस. ग्लास माझ्या हातात देत ते संकोचून म्हणाले, "इट्स ओन्ली अ बिटर."

आता तुम्हीच सांगा. घरच्या बाईने ताट पुढे करून "भाजी जरा कडू झालीय हं" म्हटलं, तर पाहुण्याने काय म्हणायचं असतं? मी एक घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं, तरी मान जोरजोरात हलवून इंग्रजीत म्हणाले, "छे छे काका, अजिबात कडू नाही! जराही नाही!" काकांचा चेहरा पडला. मला वाटलं, बिचाऱ्यांना पटलं नाही, म्हणून मी आणखी जोर लावून तेच पुन्हा सांगितलं.

घरी येताना नवरा हसून हसून वाकडा झाला. "अगं, बिटर हे त्या बिअरचं नाव आहे! त्यांची स्पेशालिटी आहे ती. आणि तू सांगून आलीस की ती बिटर नाहीच!"

"मग असलं नाव ठेवावं कशाला? आपण कारल्याच्या भाजीला कारलं म्हणतो, कडू म्हणत नाही."

"पण खरं सांगू? काही दम नाही यार त्यात. कोमट आहे. आणि फ्लॅट. गॅसच नाही."

हॉस्टेलात बर्फात बुडवलेल्या बाटल्या रिचवून हा स्वतःला जाणकार समजायचा. मला मात्र त्या घोटाची आठवण जाईना. आधी जिभेच्या मुळाशी कडवटपणा, मग भाजलेल्या पावाच्या कडेसारखी गोडी, आणि मग बराच वेळ तोंडात रेंगाळणारं काहीतरी, जे मला ओळखीचं वाटत होतं आणि आठवत नव्हतं. रात्री जेवताना लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि लख्ख आठवलं. मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची साल!

दुसऱ्या दिवशी माहेरच्या जुन्या लोणच्याची वाटी घेऊन मी काकांकडे गेले, मागून नवराही आला. फोडी काळ्या पडलेल्या, पाक मधासारखा दाट. म्हटलं, "काल मी चुकीचं बोलले. आमच्याकडे कडू म्हणजे हे, आणि हे आम्ही पाहुण्याला मानाने वाढतो." त्यांनी साल चघळली, डोळे मिटले आणि विचारलं, "हिचं नेमकं काय केलंय?" मी सांगायला गेले आणि अडले. मुरणं ह्याला इंग्रजीत शब्दच मिळेना. नुसतं जुनं होणं नव्हे, नुसतं भिजणंही नव्हे. बरणीत झाकून ठेवलेल्या गोष्टीने आपलं आपण, सवडीने, चवीला येणं.

काका टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "पिंपात माझी बिअर हेच तर करते!"

मग त्यांनी मला समजावलं. दुकानातली बिअर गाळून, मारून, वरून गॅस भरून डब्यात घालतात. त्यांच्या देशातली खरी जुनी बिअर, तिला एल म्हणतात, ती पिंपात भरली तरी जिवंत असते. आतल्या आत तिचं काम चालू राहतं, जेवढा हवा तेवढा गॅस ती स्वतःच धरते, मग गाळ खाली बसतो आणि ती निवळते. गॅरेजातल्या उकाड्यात ती बिघडेल म्हणून फ्रिज, पण गार करायला नव्हे. आपल्याकडच्या माठातल्या पाण्याहून थोडी गार, एवढीच. "गोठवलीस तर जीभ बधिर होते. मग चव घेणार कशाने?" हे त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघून म्हटलं नाही, एवढाच त्यांचा चांगुलपणा.

मी त्यांना शब्द शिकवला. लोणचं मुरलं, बिअर मुरली. त्यातला 'मुरली' त्यांनी उचलला. तेव्हापासून दर शनिवारी पहिला ग्लास उजेडाला धरून, वास घेऊन ते मला विचारायचे, "मुरली?" आणि मी चाखून निकाल द्यायचा. हा गोरा म्हातारा दर आठवड्याला कृष्णाची बासरी मागतो म्हणून नवऱ्याला प्रत्येक वेळी हसू यायचं.

पोरांना थेंब मोजत टायट्रेशन शिकवणाऱ्या बाईला घोट घ्यायला नव्याने शिकावं लागलं. घाईने गिळायचं नाही. आधी नाक, मग ओठ, मग जिभेवर सगळीकडे फिरवायचं, आणि गिळल्यावर बोलायचं नाही, थांबायचं. खरी बिअर गिळल्यानंतर बोलते, असं काका म्हणायचे. उन्हाळ्यात फिक्या रंगाची, गवताचा वास येणारी. पावसाळी हवेत माइल्ड म्हणून एक काळपट, मवाळ प्रकार, त्यात भाजलेल्या शेंगदाण्याची चव. थंडीत जाडजूड, खजुरासारखी गोड, तिचा मात्र लहानसाच ग्लास मिळायचा. मी माझ्या शब्दांत सांगायची: ही तुरट, ही उग्र, ही अजून कच्ची आहे, हिला मेथीची कड आहे. काका कौतुकाने ऐकायचे. मराठी मंडळात ही बातमी पसरली, तेव्हा हळदीकुंकवाला एका वहिनींनी मला "काय मग, सॅटर्डेचा क्लास कसा चाललाय?" असं विचारून नाक मुरडलं. म्हटलं, छान चाललाय, तुम्हीही या. त्या आल्या नाहीत, त्यांचे मिस्टर मात्र दोनदा येऊन गेले.

मला तो माणूस फार आवडायचा, हे सरळच सांगते. परक्या देशात आपण काय म्हणतो ह्याची वाट बघणारं कोणी असणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते तिथे रिकामं बसल्याशिवाय कळत नाही.

एकदा बिअर फसफसत असताना काकांनी वरची दाट, पिवळट साय पळीने काढली आणि बरणीत भरली. ही पुढच्या खेपेसाठी, म्हणाले. जग तिला यीस्ट म्हणतं, त्यांच्या गावात बार्म. ती घातल्याशिवाय बिअर होत नाही, आणि प्रत्येक बिअर पुढच्या बिअरसाठी ती देऊन जाते.

"हे तर विरजण!" मी म्हणाले. आमच्या घरचं दही कसं आलं ते मी त्यांना सांगितलं. सासूबाईंनी धुतलेला रुमाल दह्यात बुडवून सावलीत वाळवला होता आणि घडी करून माझ्या बॅगेत ठेवला होता. इथे आल्यावर तो कोमट दुधात सोडला आणि सासरचं, वेंगुर्ल्याचं दही कॅरीत लागलं. कस्टमवाल्याने रुमाल उलटासुलटा करून परत दिला होता.

काका हसले नाहीत. गंभीर होऊन त्यांनी त्या बार्मची हकीकत सांगितली. त्यांच्या गावात एकच ब्रुअरी होती आणि थोरला भाऊ तिथे जन्मभर कामाला होता. पुढे ती कोणा बड्या कंपनीने विकत घेतली आणि कुलूप लावलं. शेवटच्या दिवशी भावाने पिंपावरची साय बाटलीत काढून घेतली आणि काका भेटायला गेले तेव्हा त्यांना दिली. मी आता लेकीकडे दोन खोल्यांत राहणार, तू सांभाळ, म्हणाला. गावात आता ती चव कुठेच उरलेली नव्हती. होती ती कॅरीतल्या ह्या फ्रिजात.

"आणि तो येतोय," काका म्हणाले. "वसंतात. म्हातारा पहिल्यांदाच विमानात बसणार आणि बहुधा शेवटचाच. त्याला त्याची बिअर पाजायची आहे मला. बाकी काही नको."

पण हिवाळ्यात काकांचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटल, मग काही दिवस पुनर्वसन केंद्र. बार्मची बरणी त्यांनी माझ्या स्वाधीन केली. झाकण सैल ठेव, अधूनमधून माल्टचं, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचं, गोड पाणी पाज. त्यांनी ती अशी दिली की मला ती दोन्ही हातांनी घ्यावी लागली.

त्या सुमारास सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. सहा महिन्यांसाठी. त्यांना स्वस्थ बसणं माहीत नाही आणि परका फ्रिज ही संकल्पनाही माहीत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्या बरणीत काय गो?"

"शेजारच्या काकांचं विरजण आहे, आई. ते येईपर्यंत सांभाळायचंय."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण विरजण ह्या शब्दाचा त्यांच्या घरातला अर्थ काय, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. विरजण सांभाळायचं म्हणजे वापरायचं. नुसतं ठेवून दिलेलं विरजण त्यांच्या लेखी मरायला टाकलेलं.

काका घरी परतले त्या दिवशी मी सकाळीच मंडळातल्या एकीच्या गाडीतून लायब्ररीत गेले होते. दिवस कलताना घरात पाऊल टाकलं तर वाफेचा, नारळाचा आणि आणखी कसलासा सुंदर वास. सासूबाईंनी सांदणं केली होती. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, किंचित गूळ, वाट्यांमध्ये उकडलेली. हात लावला की दबावीत आणि पुन्हा वर यावीत, इतकी हलकी. नवरा त्या दिवशी लवकर आला होता. त्याने एकामागून एक अशी हाणली की मी मोजायची सोडली.

"गावच्यासारखी झाली गं आई! इथे कशी काय?"

"झाली," सासूबाई नुसत्या म्हणाल्या आणि एक थाळी भरून माझ्या हातात दिली. "चल, त्या काकांना देऊ. दुखण्यातून उठलेत. मऊ आहे, बरं वाटेल."

काका खिडकीशी खुर्चीत बसले होते, वॉकर समोर. बारीक झाले होते. त्यांनी एक सांदण उचललं, मोडलं, आणि तोंडात घालायच्या आधी सवयीने नाकाशी नेलं. आणि थांबले. इतका वेळ थांबले की सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "आवडत नाही वाटतं."

"हे कशाने फुगवलंय?" काकांनी विचारलं. आवाज वेगळाच होता.

मी सासूबाईंना विचारलं. त्या अभिमानाने म्हणाल्या, "त्यांच्याच विरजणानं! सांग त्यांना. झाकण काढून वास घेतला तर काय, शुद्ध माडी गो! आमची आजी सांदणं माडीनंच फुगवायची. एवढी चांगली माडी फ्रिजात कुजत ठेवली होतीस."

मी काकांकडे वळले, पण त्यांना भाषांतराची गरजच नव्हती. हातातल्या तुकड्याकडे बघत ते बोलत होते. लहान असताना आई दोघा भावांना भांडं देऊन ब्रुअरीच्या मागच्या फाटकाशी पाठवायची. तिथे बायकांना बार्म मिळायची. त्या बार्मने आई पाव करायची. घरभर हाच वास. आई गेल्यापासून तो त्यांनी घेतलाच नव्हता. बिअरमध्येही तो सापडत नाही, तो फक्त भाजलेल्या, उकडलेल्या पिठात असतो. त्यांनी तो तुकडा खाल्ला. आणखी एक खाल्लं. मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "किती उरलंय?"

मी पळत घरी आले. बरणी घासून, पुसून, ओट्यावर पालथी घातलेली होती. लखलखत होती. मी तिथेच स्टुलावर बसून रडायला लागले. रागही आला होता, पण धरायचा कोणावर? मागून सासूबाई चपला ओढत आल्या.

"रडतेस काय?"

मी सगळं सांगितलं. ब्रुअरी, भाऊ, बाटली, वसंत. मी शनिवारी काय चाखते तेही त्या ओघात सांगून टाकलं. त्या कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "विरजण कोणी संपवतं का गो?" त्यांनी फ्रिज उघडला, भाज्यांच्या खणामागे हात घातला आणि स्टीलची झाकणवाली वाटी काढली. आत तळाशी सांदणाचं उरलेलं पीठ होतं, वर बारीक बुडबुडे. पातेलं कधी खरवडून रिकामं करायचं नाही, पुढच्या वेळचं आधी काढून ठेवायचं, ही त्यांच्या हाताची सवय. त्यात विचार करण्यासारखं त्यांना काही वाटलंच नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. भांडं वाटीएवढंच होतं.

तेवढ्यात दारावर थाप. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच काका वॉकर टेकत, हिवाळी लॉन तुडवत आमच्या दारात आले होते. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागत होते. मी वाटी घेऊन धावले, तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"दिवेलागण झाली. आता विरजण घराबाहेर जायचं नाही. उद्या सकाळी."

"आई! तो माणूस जीव मुठीत धरून उभा आहे!"

"म्हणूनच सांगते. इतके दिवस सांभाळलंय, आता एका रात्रीसाठी कशाला विषाची परीक्षा?"

मला त्या क्षणी त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटत होतं. मी दात चावून भाषांतर केलं. संध्याकाळी विरजण घराबाहेर दिलं की घरातली बरकत जाते असं मानतात, सकाळी मिळेल. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग विचारलं, "जिवंत आहे ना?" सासूबाईंना प्रश्न कसा कळला कोण जाणे. त्यांनी झाकण उचलून वाटी काकांच्या कानाशी धरली. बुडबुडे फुटत होते. काका आमच्याकडे आमटीभात जेवले आणि उजाडताच पुन्हा दारात हजर झाले.

मग सुरू झालं संगोपन. काकांनी पीठ उकळून गार केलेल्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं, तांदूळ-खोबरं खाली बसू दिलं, वरचं गढूळ पाणी एका लहान बाटलीत घेऊन त्याला माल्टचं पाणी पाजलं. काही दिवस काहीच नाही. काका वास घ्यायचे आणि बाटली माझ्याकडे द्यायचे, मी वास घ्यायची आणि सासूबाईंकडे द्यायची. एके सकाळी वर पातळ साय धरली. काका म्हणाले, आहे, पण हिच्यात तांदळाने, खोबऱ्याने काय मिसळलंय देव जाणे. पिंप उघडेपर्यंत कळायचं नाही, आणि दुसऱ्या पिंपाला वेळ नाही.

बिअर करायच्या दिवशी वजन उचलायला आम्हाला माझा नवराच मिळाला. कोमट बिअरला नावं ठेवणारा हा माणूस उकळत्या पातेल्याशी घाम पुसत उभा होता. सासूबाईंनी बिअरला कडवटपणा देणारा हॉप्सचा पाला चुरगळून हुंगला आणि म्हणाल्या, "कडुनिंबाची धाकटी बहीण." बिअर निवळायला काका माशाच्या पोटातल्या फुग्याची पूड घालतात हे कळल्यावर तर त्यांचा ह्या सगळ्या प्रकाराबद्दलचा उरलासुरला संशय फिटला. "मग ही दारू कुठली? हे तर कालवण," असा त्यांनी निकाल दिला.

भाऊ आला तेव्हा डॉगवुडची झाडं फुलून पांढरी झाली होती. लहान चणीचा, टोपी घातलेला, कानाने कमी. काकांनी त्याला बरणीचा प्रकार सांगितला नव्हता. त्याने मोकळ्या मनाने प्यावं, मग जे असेल ते, म्हणाले. त्या शनिवारी गॅरेजात आम्ही सगळे होतो, सासूबाई सांदणाची थाळी घेऊन. काकांनी दांडा ओढला. ग्लास उजेडाला धरला. निवळलेली होती. ह्या वेळी त्यांनी मला "मुरली?" विचारलं नाही. ग्लास सरळ भावाला दिला. काकांचा हात मला दिसत होता, तो दांड्यावरून सुटत नव्हता.

भावाने आधी नाक नेलं. मग घोट घेतला. गिळला. थांबला. आम्ही त्याच्या गळ्याच्या घाटीकडे बघत राहिलो. त्याने दुसरा घोट घेतला, ग्लासात डोकावून बघितलं आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाला, "बिटर."

काकांनी डोळे मिटले. मला कळलं. ती तीच होती, म्हणूनच त्याने तिला तिच्या नावाने हाक मारली होती.

"काय म्हणतो तो?" सासूबाईंनी मला ढोसलं. मी गहिवरले होते, विचार न करता म्हणाले, "कडू म्हणतो."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. इतकी मेहनत, आणि आपल्या पिठामुळे पाहुण्याच्या तोंडी कडू! मी पुढचं सांगायच्या आत त्या भावाजवळ गेल्या, त्याच्या दंडावर हात ठेवला आणि त्यांना येत असलेल्या सगळ्या इंग्रजीनिशी समजूत घालू लागल्या. "नो बिटर. नो, नो. नो बिटर. व्हेरी गुड!"

मी आणि नवरा जागीच थिजलो. काकांनी डोळे उघडले, आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि असे हसत सुटले की त्यांना टेबल धरावं लागलं. हसता हसता ते भावाच्या कानाशी ओरडून सगळं सांगू लागले, माझा पहिला घोट, 'मुरली', बरणी, माडी, वाटी, सगळंच. भावाने टोपी काढली. सासूबाईंनी मधल्या मध्ये त्याच्या हातात सांदण ठेवलं, वर गोड खाल्लं की कडू जातं म्हणून. त्याने ते मोडलं, नाकाशी नेलं आणि तो काकांसारखाच थांबला. मग फक्त "मॅम" म्हणाला. त्यांच्याकडे आईला मॅम म्हणतात. दोघे म्हातारे एकमेकांकडे न बघता उभे होते, आणि आमच्या सासूबाई आता काय चुकलं म्हणून आलटून पालटून दोघांचे चेहरे पाहत होत्या. त्यांना समजावून सांगताना मला रडू आवरलं नाही.

भाऊ परत निघाला त्या सकाळी सासूबाईंनी त्याला एक घडी घातलेला पांढरा रुमाल दिला. बार्मच्या सायीत बुडवून सावलीत वाळवलेला, कडक. कसा वापरायचा ते मी कागदावर लिहून दिलं. त्याने तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. पुढे सासूबाईही वेंगुर्ल्याला परतल्या.

शरदात एकदा मी डेकवर कपडे वाळत घालत होते. आता माझ्याकडे लायसन्सही होतं आणि मशीनही, पण सवय राहिली होती. काका बिनावायरचा फोन घेऊन कुंपणापर्यंत आले, फोनची रेंज तिथेच संपायची. त्यांनी तो कुंपणावरून माझ्याकडे दिला. पलीकडे आधी नुसता खोकला. मग लँकशरमधून, लेकीच्या दोन खोल्यांतून, म्हातारा ओरडला, "मुरली!"

मी घरात जाऊन लगेच वेंगुर्ल्याला फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नवल वगैरे त्यांना काही वाटलं नाही.

"मग? विरजण आहे ते," त्या म्हणाल्या. "आणि सांग त्याला, सगळं संपवू नको म्हणावं."